कवळीवाल्याची मोटरसायकल

दारात ट्रक थांबला तेव्हा ती मागच्या खोलीत शर्टांना काजं करत बसली होती. कपड्यांच्या कारखान्यातून सकाळी गठ्ठा यायचा, त्याला काजं पाडायची, बटणं लावायची आणि गठ्ठा परत करायचा, हे तिचं लग्नाच्या आधीपासूनचं काम. ट्रक कुणाचा ते तिला हॉर्नवरूनच कळलं. तिचा धाकटा भाऊ मालवाहू ट्रक चालवायचा आणि बहिणीच्या दारात आला की हॉर्न वाजवल्याशिवाय त्याला करमत नसे.

ती बाहेर आली तर भाऊ आणि नवरा मिळून ट्रकला लावलेल्या फळीवरून एक धूड खाली उतरवत होते. लाल-पांढरी, फुगीर टाकीची, पुढे काचेचं टोपरं लावलेली मोटरसायकल. शर्यतीत पळवतात तसली. टायरांमधली हवा गेलेली, साखळी गंजून काठीसारखी ताठ, सीटला उंदरांनी कुरतडल्याची भोकं. दोघं ढकलत होते, पण चाकं फिरायला तयार नव्हती. हट्टी जनावरासारखी ती गाडी पाय रोवून घासत घासत येत होती.

"हे काय आणलंत?"

"मोटरसायकल," नवरा म्हणाला.

"आंधळी नाहीये मी. कुणाची आहे?"

"आपली."

भावाने तिच्याकडे बघणंच टाळलं. "ताई, मला पुढचं भाडं आहे," म्हणाला आणि चहाला न थांबता जो पसार झाला तो थेट पुढच्या महिन्यात उगवला.

तिच्या नवऱ्याला सगळे कवळीवाला म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्याची लहानशी प्रयोगशाळा होती. शहरातले दंतवैद्य रोग्यांच्या तोंडाचे साचे त्याच्याकडे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या करून द्यायचा. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून-पुसून आरशासारखी चकाकी आणायची. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. घरात नवीन माणूस आलं की ते दचके. "घाबरू नका, चावत नाहीत," हा त्याचा ठरलेला विनोद. बाकी माणूस अबोल. कुणाच्या अध्यात ना मध्यात. चप्पल घ्यायची तरी बायकोला विचारून घेणारा. म्हणूनच तिचं डोकं फिरलं होतं.

जेवणं झाल्यावर तिने तोंड सोडलं. "वय काय आपलं? मुलगी सासरी गेली, गुडघे कुरकुरतात, आणि यांना म्हणे शर्यतीची गाडी! तीही बंद पडलेली. कुणी गळ्यात मारली?"

"दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे पडून होती. जुन्या खुर्चीच्या आड. दहाबारा वर्षं कुणी हात लावला नव्हता."

"त्यांची कशी?"

"त्यांच्या नवऱ्याची. तो गेला सोडून. त्या म्हणाल्या, नवरा गेला त्याचं एवढं काही वाटलं नाही, पण हे धूड रोज डोळ्यांसमोर नको."

एरवी ती हसली असती. "आणि तुम्ही निघालात त्यांचा अडगळीचा खण रिकामा करायला! जनाची नाही तर…"

"इकडे बघ," तो मध्येच म्हणाला आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

हात नुसता पडला होता. पण अंगठा हलत होता. पहिल्या बोटाशी घासत, कुणी लहानशी गोळी वळत बसावं तसा. हळू, एका लयीत, थांबायचं नाव नाही.

"थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग थांबवा की."

"तेच तर." त्याने डाव्या हाताने उजवा झाकला. "मागच्या महिन्यात दाखवून आलो. कंपवात आहे म्हणाले. जाणार नाही, वाढत जाणार. किती दिवसांत काय होईल, सांगता येत नाही म्हणाले."

मघापासून जिभेवर आलेले शब्द तिथेच वाळले. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात. आणि मला आज सांगताय."

"सांगायला तोंड उघडायचो, पण तू कामात असायचीस."

"आणि एवढं कळल्यावर गाडी घेतलीत?"

"कळलं म्हणूनच घेतली." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "या हातांनी आजवर जे केलं ते दुसऱ्याच्या तोंडात गेलं. हात आहेत तोवर एक गोष्ट माझ्यासाठी करायची आहे. अशी गाडी मी विशीत असताना रस्त्याने जाताना बघितली होती. आवाज अजून कानात आहे. ही मी चालू करणार. बस."

मग ती उठली आणि अंगणात टाकीतल्या कुजक्या पेट्रोलचा वास पसरलाय, कपड्यांना लागला तर कारखानावाले गठ्ठा तोंडावर फेकतील, असं काहीबाही बडबडत भांडी घासायला लागली. रागावणं सोपं होतं. ते तिला येत होतं.

घराच्या कडेने पत्र्याचं छप्पर असलेला एक बोळ होता. पुढच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत जाणारा. गाडीने तिथे मुक्काम ठोकला. टाकीतून तांबडा, चिकट राळेसारखा गाळ निघाला. हवा गाळायच्या डब्यात उंदरांनी चिंध्यांचं घर केलेलं होतं, आणि त्यात एक वाळकं पिल्लूही होतं. ब्रेक गंजून चाकाला चिकटले होते. इंजिन जाम असेल अशी भीती होती. प्लग काढून त्याने चारही भोकांत तेल सोडलं, काही दिवस मुरू दिलं, आणि एका सकाळी पान्याने हळूच फिरवून पाहिलं. फिरलं. तो धावत मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, "जिवंत आहे." तिने मान वर न करता विचारलं, "कोण?"

मुलीचा फोन आला. तिला आजाराचं कळलं होतं आणि गाडीचंही. "आई, तू त्यांना अडवत का नाहीस? बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं आहे गं. हातांचं विचारू नकोस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. गोळी घेतली की अर्ध्यापाऊण तासाने अंग मोकळं व्हायचं. बोटं ऐकायची, पावलं नीट पडायची. मग औषध उतरायला लागलं की तो पुन्हा जड व्हायचा. शर्टाचं बटण लावायला एवढा वेळ लागायचा की ती तोंड फिरवून दुसरंच काही शोधत असल्यासारखं करायची. मदतीला गेलं तर त्याला आवडत नसे. सहीतलं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. चेहराही बदलत चालला होता; हसला तरी हसू तोंडावर उमटायचं नाही, आतच कुठेतरी अडकायचं.

एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. तो बोळात गाडीपाशी होता. पुढच्या खोलीत तीच भेटली. बाईंनी पर्समधून एक डबी काढली.

"ही कवळी परत आणलीय. एका आजींची आहे. दातावर दात बसत नाहीत, आणि डाव्या बाजूला कडा टोचते. त्यांनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं आपल्याच हिरड्यांत खोट आहे, सवय होईल. चार दिवस नुसत्या पाण्यावर होत्या. सूनबाईने जबरदस्तीने तोंड उघडून बघितलं तर आत जखम." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "याआधीच्या दोन मीच घासून बसवल्या, बोलले नाही. पण आता… तुम्हाला कळतंय ना?"

तिला कळत होतं. बाई गेल्यावर ती डबी घेऊन बोळात गेली. तो पाटावर बसून ब्रेकचं काहीतरी काढत होता. हात स्थिर होते.

"किती वाजता गोळी घेतलीत?"

"मघाशी. का?"

"म्हणजे हे चांगले तास. हे इथे जातात." तिने डबी गाडीच्या सीटवर ठेवली. "आणि हात जड झाला की मग तुम्ही जाऊन लोकांचे दात बसवता. एक म्हातारी चार दिवस उपाशी राहिली. स्वतःलाच दोष देत. चांगला हात गाडीला आणि उरलासुरला माणसांना?"

त्याने डबी उघडली. कवळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, कडेवरून बोट फिरवलं. ते बोट एका जागी थांबलं.

ती कवळी त्याने नव्याने केली. एरवी दोन दिवसांचं काम, पण तो आठवडाभर रोज गोळी लागू पडली की पुढच्या खोलीत जाऊन बसे आणि गाडीकडे ढुंकूनही बघत नसे. कवळी तयार झाल्यावर स्वतः देऊन आला. आजींनी पावाचा तुकडा चावून दाखवला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने एकेका दंतवैद्याला फोन करून सांगितलं, काम पाठवू नका. बहुतेकांनी फारसं विचारलं नाही. आता यंत्रावर कवळ्या करणारी कंपनी निघाली होती, तिकडे आधीच बरंच काम जात होतं. एकाने तर "अरे, मला वाटलं तुम्ही केव्हाच बंद केलंत," असं म्हटलं. ते तिने शेजारी बसून ऐकलं.

प्लास्टरचे जबडे त्याने गोणीत भरले. घासायचं यंत्र विकलं. उपकरणं धुवायची एक छोटी टाकी होती, बटण दाबलं की आतलं पाणी थरथरून बारीकसारीक घाण काढणारी, तेवढी ठेवली. गाडीच्या भागांना उपयोगी पडेल म्हणून. पुढची खोली रिकामी झाली तेव्हा तिला स्वतःचेच शब्द आठवत राहिले. खोटं बोलली नव्हती ती. पण त्या आजींच्या हिरडीवरची जखम भरली, आणि इकडे तिने नवऱ्याचा धंदा बुडवला, अशी काहीतरी टोचणी तिला लागून राहिली. तिने ती कुणाला बोलून दाखवली नाही.

मग उरली गाडी. ब्रेक झाले, नवे टायर झाले, साखळी बदलली, भावाने बॅटरी आणून दिली. राहिले ते कार्बोरेटर. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारे ते भाग. साध्या गाडीला एक असतो, या बयेला चार. प्रत्येकाच्या पोटात बोटाच्या पेराहून लहान पितळी तुकडे, जेट म्हणतात ते, त्यांना सुईच्या नेढ्यापेक्षा बारीक भोकं, आणि ती सगळी भोकं जुन्या पेट्रोलच्या राळेने बुजलेली. ऐन भरात असता तर त्याने ते डोळे मिटून केलं असतं. पण गोळीचा असर आता लवकर उतरायला लागला होता.

एका दुपारी बोळातून पत्र्याचा डबा आपटल्याचा आवाज आला. ती धावली. तो पाटावर बसला होता, हात मांडीवर उपडे टाकून. भोवती सुटे भाग पसरलेले.

"काय झालं?"

"गेला. जेट गेला." त्याने हनुवटीने मोरीच्या जाळीकडे दाखवलं. "तीनदा उचलला, तीनदा सुटला. शेवटी घरंगळत आत गेला. आता मिळत नाहीत कुठे. झालं. संपलं."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा आता काही दाखवेनासा झाला होता. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याला हात उचलता येत नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला रडताना तिने पहिल्यांदा बघितलं.

तिने जाळी काढली. बाही कोपराच्या वर सारली आणि मोरीत हात घातला. साबणाचा बुळबुळीत गाळ, केस, खडे. चाचपडत चाचपडत एकेक वस्तू वर काढून ती बघत होती. एक बटण निघालं, तिचंच. मग जेट निघाला. तिने हात धुतले, दिव्याची वायर ओढून घेतली आणि त्याच्यासमोर बसकण मारली.

"कुठे घालायचा हा? सांगा. आणि ओरडायचं नाही."

"तुला नाही जमणार."

"दिवसाला दोनशे काजं करते मी. बोला."

तिथून पुढे गाडी दोघांची झाली, म्हणजे हात तिचे आणि तोंड त्याचं. गठ्ठा परत देऊन आली की ती बोळात येऊन बसायची. तो सांगायचा, आधी डावीकडचा स्क्रू, जपून, पितळ मऊ असतं. आता सुई सरळ धर. आता तार घाल भोकात, जोर नको. "हे तुझ्या काजांसारखंच आहे," एकदा तो म्हणाला, "भोक बिघडलं की सगळं गेलं." तो एवढं कधी बोलला नव्हता. कवळ्यांच्या गोष्टी सांगायचा: कुणाला मेलेल्या भावासारखे दात हवे होते, कुणी लग्नात घालायला वेगळी कवळी मागितली होती. ती ऐकायची, हसायची, आणि मधूनच तिच्या लक्षात यायचं की त्याचा आवाज मागच्या महिन्यापेक्षा खाली गेलाय. ती पाट थोडा पुढे सरकवायची.

चालू करायच्या दिवशी तिचा भाऊही आला. नवऱ्याने खुर्चीत बसून सगळं बघितलं, मग मानेनेच खूण केली. तिने बटण दाबलं. कुरकुर, कुरकुर, मग एक फटका, धूर, आणि अचानक बोळातला पत्रा थडथडायला लागला. भाऊ टाळ्या वाजवायला लागला. नवऱ्याने मात्र हात वर केला. "एक सिलिंडर बंद आहे," तो म्हणाला. तिने त्याच्या सांगण्यावरून धुराच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकले. तीन नळ्यांवर चुर्र झालं. चौथी थंडच होती, तिच्यावर पाणी नुसतं ओघळलं.

पुन्हा उघडाउघड. चौथ्या कार्बोरेटरच्या आतल्या वाटेत एक पांढरा धागा अडकला होता. काजाचा. तिच्या बाहीला चिकटून आला असणार.

"तुझी सही," तो म्हणाला आणि हसला. चेहऱ्यावरसुद्धा हसला, खांदे हलवून, दम लागेपर्यंत. तसं हसणं तिने नंतर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी चारही सिलिंडर बोलले. आवाज सुरुवातीला भसाडा होता, मग स्थिर झाला, मग एकसुरी आणि खोल. शेजारपाजारचे गोळा झाले. नवऱ्याने उजवा हात टाकीवर ठेवला. टाकी थरथरत होती, हात थरथरत होता, आणि कोण कुणाला हलवतंय ते कळत नव्हतं. इंजिन तापेपर्यंत त्याने हात उचलला नाही.

चालवायची नाही, हे ठरलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीने शपथ घातली होती, आणि बायकोने चावी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. चावी कुठे आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. पण तो काही बोलला नाही, आणि तिला वाटलं, त्याचं समाधान झालं.

एके सकाळी ती गठ्ठा द्यायला कारखान्यात गेली होती. तिथे फोन आला. अनोळखी माणूस, गोदामांकडच्या चौकातला पहारेकरी. "तुमचे यजमान पडलेत. घाबरू नका, शुद्धीवर आहेत. त्यांनीच नंबर दिला."

ती चौकात पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात हलवलं होतं. पहारेकरी थांबला होता. "पडले असंही म्हणता येणार नाही हो," तो सांगत होता. "छान येत होते. सिग्नल लाल झाला, बरोबर रेषेवर थांबले. पण पाय खाली टेकलाच नाही. तसेच हळूहळू कलले. मागचे हॉर्न वाजवत होते, काही हसतसुद्धा होते. लोकांना वाटलं, दारू पिऊन आहेत." मांडीचं हाड कमरेपाशी मोडलं होतं. गाडी त्या पायावरच पडली होती.

शस्त्रक्रियेनंतर तिला आत सोडलं. ती खुर्ची ओढून बसली. कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत काय काय बोलायचं ते तिने घोकलं होतं, त्यातला एक शब्दही आठवेना.

"पायाला सांगत होतो, टेक म्हणून," तो पुटपुटला. "ऐकलंच नाही त्याने."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी काय?"

"पडायच्या आधी. कसं वाटलं?"

"गोदामांचा रस्ता रिकामा होता. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. आजकाल अंगाला दहादा सांगावं लागतं, तेव्हा ते एकदा हलतं. तिथे… सांगायच्या आधीच पुढे गेलो."

तिला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर चौक येत होता, त्यातून रस्ता ओलांडणारी माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. "समोर कुणी असतं तर?" ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. "पडल्यापासून तेच बघतोय," म्हणाला.

हाड जुळलं, पण माणूस उभा राहिला नाही. आधी चालायला चार पायांचा आधार आला, मग चाकांची खुर्ची. त्या पडण्याने आजाराला जणू वाट मोकळी करून दिली. वर्षभरात तो एवढा उतरला की जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली तर आधी तिला ओळखत, मग त्याला. गाडीच्या एका बाजूच्या पत्र्यावर ओरखडे आले होते, आरसा मोडला होता, बाकी तिला काही झालं नव्हतं. ते बायकोला फार लागे. बोळातून येता-जाता ती गाडीकडे वैऱ्यासारखी बघायची.

तरी दर आठवड्याला ती गाडी चालू करायची. त्याने सांगितलं होतं: उभी राहिली तर पुन्हा राळ धरेल, सगळी मेहनत पाण्यात. ती त्याची खुर्ची बोळाच्या तोंडाशी आणून ठेवायची, पेट्रोलचा नळ उघडायची, बटण दाबायची. तो ऐकत बसायचा. मध्येच त्याचे ओठ हलायचे. पण इंजिनापुढे त्याचा आवाज काय टिकणार? मग ती गाडी बंद करायची, जवळ जाऊन कान द्यायची, आणि तो म्हणायचा, "बंद का केलीस?"

शेवटी अडलं ते न्हाणीघराचं. बोळ अरुंद, मध्ये गाडी. चाकांची खुर्ची बाजूने जाईना. रोज त्याला काखेत हात घालून ओढत न्यावं लागे. तिची पाठ धरली. एकदा दोघंही घसरून पडली आणि भाऊ येईपर्यंत फरशीवर तशीच पडून राहिली. त्या दिवशी तिने विचारलं, "गाडी देऊन टाकूया का?" त्याने मान हलवली. होकारार्थी हलवली असं तिला वाटलं. त्याची मान तशीही हलतच असे.

घ्यायला एक विमा कचेरीतला कारकून आला. जाडसर, चाळिशीचा, हेल्मेट काखेत घेऊन. त्याने गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं, खूश झाला. "कार्बोरेटर कुणी केलेत? झकास चालतायत."

"घरीच केलेत," ती म्हणाली.

तेवढ्यात खुर्चीतून नवरा काहीतरी बोलला. कारकून नम्रपणे वाकला, कान पुढे केला. पुन्हा ओठ हलले. कारकुनाला काही कळलं नाही. "हो हो काका, नीट सांभाळीन," असं म्हणून तो सरळ झाला.

तिला कळलं होतं. इतके महिने तिने त्या ओठांना कान लावला होता, तिला न कळायला काय झालं? तो "नको" म्हणाला होता. दोनदा.

तिने कागद कारकुनाच्या हातात दिले, चावी दिली, आणि टाकीचं झाकण कसं किंचित वर उचलून फिरवावं लागतं तेही दाखवलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत होता. मग ती आत आली आणि त्याला न्हाणीघरात घेऊन गेली. खुर्ची बोळातून सरळ गेली, कुठेही अडली नाही.

पुढे त्याला दिवसांचा, माणसांचा विसर पडायला लागला. अधूनमधून विचारायचा, गाडी कुठाय? ती म्हणायची, दुरुस्तीला दिलीय. कधी येणार? शनिवारी. तेवढ्यावर तो गप्प व्हायचा. मुलगी येऊन राहिली होती तेव्हा तिने हे ऐकलं. म्हणाली, "आई, बरं सांभाळून घेतेस तू." ती ताटं उचलायला लागली.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ती त्याला पेज भरवत होती. त्याने तिसरा घास तोंडातच धरून ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आणि गिळून झाल्यावर म्हणाला, "मी नको म्हटलं होतं."

डोळे अगदी स्वच्छ होते. दुरुस्ती, शनिवार, यातलं काही त्या डोळ्यांपुढे टिकलं नसतं.

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली.

चमचा तिच्या हातात तसाच राहिला होता. जरा वेळाने त्याने तोंड उघडलं, आणि तिने पुढचा घास दिला. वाटी संपेपर्यंत तो जेवला. त्या हिवाळ्यातच तो गेला, झोपेत, आणि तोवर गाडीचं नाव दोघांपैकी कुणीही पुन्हा काढलं नाही.